भिडस्त मुलानें घरीं बसून पदवी घ्यावी काय?

दरवर्षीं बारावीचा निकाल लागला कीं आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत जुन्या विद्यार्थ्यांची व त्यांच्या पालकांची वर्दळ सुरू होते. दाखल्याच्या निमित्तानें मुलें येतात, आणि दाखला हातीं पडला तरी लवकर जात नाहींत. कारण खरें काम निराळेंच असतें. पुढें काय करावें हें कोणास तरी विचारावयाचें असतें. पूर्वीं हा प्रश्न कला, वाणिज्य कीं विज्ञान एवढ्यापुरताच असे. आतां त्यास एक नवें शेपूट फुटलें आहे. महाविद्यालयांत जाऊन शिकावें, कीं मुक्त विद्यापीठाकडून अथवा ऑनलाइन वर्गांतून घरबसल्या पदवी घ्यावी? आणि या प्रश्नाचें उत्तर पालक बहुधा स्वतःच तयार करून आणतात. "सर, आमचा मुलगा फार बुजरा आहे. चार लोकांत तोंड उघडत नाहीं. त्याला घरूनच करूं द्यावें म्हणतों." मुलगी बोलकी असली म्हणजे याच्या बरोबर उलट: "हिला घरीं बसवून कसला अभ्यास होणार? हिला कॉलेजांतच घातली पाहिजे."

हें उत्तर ऐकावयास इतकें सयुक्तिक आहे, कीं तें चुकीचें असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. ज्यास गर्दी सोसत नाहीं त्यास गर्दीपासून दूर ठेवावें; ज्यास माणसांवांचून करमत नाहीं त्यास माणसांत सोडावें; स्वभाव तसें शिक्षण, यांत वावगें तें काय? आम्हीं स्वतः हाच सल्ला एका मुलास दिला होता. त्या सल्ल्यापायीं त्याचीं दोन वर्षें गेलीं. तीं कशीं गेलीं हें समजून घेतांना आमचें मत पालटलें. तें पालटलेलें मत वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. दूर राहून घेतलेली पदवी म्हणजे कमी प्रतीची पदवी, असें मानणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. ही पद्धत कांहीं काल-परवांची नव्हे. आयझॅक पिटमन यांनीं १८४० च्या सुमारास इंग्लंडांत पेनीच्या टपालानें लघुलेखनाचे धडे पाठवून विद्यार्थ्यांचे कागद तपासण्याचा क्रम सुरू केला होता. लंडन विद्यापीठानें १८५८ सालीं आपल्या परीक्षा कोठल्याहि महाविद्यालयांत न गेलेल्यांस खुल्या केल्या. आणि १८५७ त स्थापन झालेलें आपलें मुंबई विद्यापीठ त्याच लंडनच्या नमुन्यावर उभारलेलें असल्यामुळें प्रारंभीं स्वतः शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेई. स्वतंत्र भारतांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें. १९८५ त इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ त नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. या दुसऱ्यानें तर 'ज्ञानगंगा घरोघरीं' हें ब्रीद घेतलें, आणि ज्यांची बारावी हुकली होती अशांसाठीं पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढून त्यांस पदवीच्या दारापर्यंत आणलें. २०१७ त केंद्र सरकारचें 'स्वयम्' आलें. पुढें सप्टेंबर २०२२ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें स्पष्टच कळविलें कीं, मान्यताप्राप्त संस्थांच्या मुक्त, दूरस्थ वा ऑनलाइन पदव्या वर्गांत बसून घेतलेल्या पदव्यांशीं समतुल्य मानाव्या. वैद्यक, अभियांत्रिकी, औषधनिर्माण इत्यादि विषय या मार्गानें घेतां येत नाहींत, तेवढे वगळावे. तेव्हां पदवीच्या मोलाचा प्रश्न येथें नाहीं. प्रश्न आहे तो ती पदवी हातीं पडेपर्यंतच्या वाटेचा, आणि ती वाट कोणास झेपते याचा.

आतां आमच्या चुकीकडे येऊं. तिचें मूळ २०२० सालांत आहे. त्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या आणि जूनपासून आम्ही मोबाइलवर वर्ग घेऊं लागलों. समोर चाळीसएक काळे चौकोन, त्यांवर नांवें, मधूनच कोणाच्या घरची कुकरची शिटी किंवा कोंबड्याचें आरवणें. त्या वर्गांत नववींतील एक मुलगी होती. पांचवीपासून ती आमच्या शाळेंत. परंतु वर्गांत तिचा आवाज ऐकल्याचें आम्हांस स्मरत नव्हतें. प्रश्न विचारला कीं उभी राही, बांकाकडे पाही, आणि बस म्हणेपर्यंत तशीच उभी असे. त्या जूनमध्यें तिनें पडद्याच्या कोपऱ्यांतील लिहावयाच्या जागीं उत्तरें टाकावयास सुरुवात केली. प्रथम एक शब्द, मग एक ओळ, मग पुरा परिच्छेद. दिवाळीपर्यंत अशी स्थिति झाली कीं व्याकरणाचा प्रश्न टाकल्यावर तिचें उत्तर येईपर्यंत बाकीचीं मुलें थांबूं लागलीं. आम्हांस तो चमत्कार वाटला. ज्या मुलीस आम्हीं चार वर्षें मंद समजलों ती मंद नव्हतीच. केवळ चाळीस जोडी डोळे तिच्यावर रोखले जात होते, ते दूर झाल्याबरोबर ती मोकळी झाली. येथवर आमचें निरीक्षण खरें होतें. परंतु एका उदाहरणावरून सिद्धांत बांधण्याची जी खोड शिक्षकांस असते, ती आम्हांसहि आहे. आम्हीं मनाशीं ठरविलें कीं, लाजऱ्या मुलांस दूरचें शिक्षणच मानवतें.

पुढच्याच वर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी बारावी झाला. २०२१ चें तें वर्ष; परीक्षा रद्द झालेली, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागलेला. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखें, पण अतिशय भिडस्त. वडिलांची पिठाची गिरणी. ते त्यास घेऊन आले, आणि वर सांगितलेलेंच वाक्य त्यांनीं उच्चारलें. आम्हीं क्षणाचाहि विचार न करतां होकार दिला. एवढेंच नव्हे, तर मागील वर्षींच्या मुलीची गोष्ट सांगून त्यांची खात्री पटविली. तालुक्याच्या गांवचें जाणें-येणें वांचलें म्हणून वडील संतुष्ट. मुलगा तर इतका हलका झाला कीं जातांना तो हंसला. एका मुक्त विद्यापीठांत बी. ए. साठीं नांव घातलें गेलें. पुस्तकें आलीं. आम्ही तो विषय विसरलों.

२०२३ च्या पावसाळ्यांत गव्हाचा डबा घेऊन आम्ही त्या गिरणीवर गेलों, तों पट्ट्याजवळ तोच उभा. भिवया पिठानें पांढऱ्या झालेल्या. "काय रे, आतां शेवटचें वर्ष ना?" असें आम्हीं सहज विचारलें. तो कांहीं बोलला नाहीं. डबा दळून होईपर्यंत बोलला नाहीं. मग आंतून एक कापडी पिशवी घेऊन आला व ती त्यानें आमच्या हातांत दिली. तींत त्याचे पहिल्या वर्षाचे स्वाध्याय होते. सगळे लिहिलेले. समास आंखलेले, पृष्ठांस क्रमांक दिलेले. आम्हीं तेथेंच उभें राहून एक वाचला. १९७२ च्या दुष्काळावरचा होता. आजोबांनीं रस्त्याच्या कामावर खडी फोडली त्याची हकीकत त्यानें त्यांत घातली होती, आणि ती योग्य ठिकाणीं घातली होती. आमच्या हाताखालून पुष्कळ पेपर जातात. असें लिहिणारा मुलगा चार-पांच वर्षांतून एखादा निघतो. तो स्वाध्याय दोन वर्षें पिशवींत पडून होता.

कां? तर तो जमा कोठें करावयाचा, हें त्यास नक्की ठाऊक नव्हतें. पुस्तिकेंत नियम छापलेले होते. पण केंद्रावर द्यावयाचा कीं टपालानें धाडावयाचा, पोंच कोण देणार, एवढी शंका राहिली होती. ती विचारण्यासाठीं तो एकदां एस्. टी. नें अभ्यासकेंद्रावर गेला. खिडकीवर गर्दी होती. तो बाजूस उभा राहिला. अर्ध्या-पाऊण तासानें गर्दी ओसरली, तेव्हां आंतल्या गृहस्थांनीं जेवणाचा डबा उघडला. जेवणाऱ्या माणसास कसें विचारावें? तो परत आला. पुन्हां गेला नाहीं. स्वाध्याय गेला नाहीं म्हणून परीक्षेचा अर्ज भरला नाहीं. अर्ज भरला नाहीं म्हणून पुढच्या वर्षाची नोंदणी केली नाहीं. आणि घरांत तर तो होताच. घरीं असलेला माणूस रिकामा असतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. "बसलाच आहेस तर जरा गिरणी बघ," असें म्हणतां म्हणतां गिरणी त्याच्याकडे आली.

वाचकहो, या मुलाच्या ठिकाणीं आळस नव्हता, बुद्धीची उणीव नव्हती, गोडीहि होती. जें नव्हतें तें एकच, अनोळखी माणसास आपण होऊन हांक मारण्याचें धैर्य. आणि नेमकें तेंच धैर्य दूरच्या शिक्षणांत पावलोपावलीं लागतें, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. महाविद्यालयाच्या वर्गांत बसणाऱ्या मुक्या मुलास काय काय फुकट मिळतें याचा एकदां हिशेब करून पाहावा. परीक्षेच्या अर्जाची तारीख फळ्यावर लागते. ती त्यानें न विचारतां त्यास कळते. शेजारचा मुलगा शंका विचारतो. उत्तर दोघांस मिळतें. प्राध्यापक म्हणतात, उद्यां वह्या आणा. सगळे आणतात म्हणून तोहि आणतो. चार दिवस गैरहजर राहिला तर कोणी तरी घरीं निरोप धाडतो. तोंड न उघडतां तो तीन वर्षें काढूं शकतो, आणि कित्येक काढतात. पदवी घेऊन बाहेर पडतात. घरीं बसलेल्यास मात्र यांतील प्रत्येक गोष्ट मागून आणावी लागते. केंद्रास दूरध्वनि करावा लागतो, तो कोणी उचलला नाहीं तर पुन्हां करावा लागतो; संपर्कसत्राच्या रविवारीं सर्वस्वी अपरिचित माणसांत जाऊन बसावें लागतें; चुकीचें नांव छापून आलें तर भांडावें लागतें. लाजाळू मुलास आपण गर्दीपासून वांचवितों असें समजतों, आणि प्रत्यक्षांत ज्या कामाची त्यास सर्वांत अधिक भीति, तेंच काम त्याच्या एकट्याच्या शिरावर टाकतों.

मग त्या नववींतील मुलीचें काय? तिची गोष्ट खोटी नव्हती. आम्हीं तिचा अर्थ चुकीचा लावला होता. तिचा वर्ग पडद्यावर भरत असला तरी तो वर्गच होता. ठरल्या वेळीं भरे. शिक्षक तिचेच, मुलें तिचींच. प्रश्न आम्ही विचारीत होतों, ती फक्त उत्तर देत होती. पहिली हांक तिला कधींच मारावी लागली नाहीं. ऑनलाइन या एका शब्दाखालीं लोक भिन्न भिन्न वस्तु एकत्र बांधतात. ठराविक वेळीं शिक्षक समोर असलेला वर्ग ही एक वस्तु. सवडीनें पाहावयाचीं ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानें ही दुसरी. आणि टपालानें आलेलीं पुस्तकें व वर्षाअखेरची परीक्षा ही तिसरी. पहिलींत भिडस्त मूल फुलूं शकतें, तिसरींत तें हरवण्याचा संभव अधिक. ज्या पालकांस हा मार्ग घ्यावयाचा असेल त्यांनीं माहितीपत्रकावरील रंगीत चित्र न पाहतां, वेळापत्रक आहे काय, आणि नांव घेऊन हांक मारणारा कोणी आहे काय, एवढें आधीं पाहावें.

याच्या उलट टोंकास आमची दुसरी एक विद्यार्थिनी आहे. वर्गांत तिला गप्प बसवितां बसवितां आमचा घसा बसे. एका जागीं एक तास बसणें तिच्या कुंडलींत नाहीं, असें तिची आईच म्हणे. वडील वारल्यामुळें तिला बारावीनंतर कापडाच्या दुकानांत उभें राहावें लागलें, आणि केवळ निरुपाय म्हणून तिनें मुक्त विद्यापीठाचा बी. कॉम. चा अर्ज भरला. हिचें कांहीं होणार नाहीं, अशी आमच्या शिक्षकांच्या खोलींत सर्वानुमतें भविष्यवाणी झाली होती. तिनें तीन वर्षांत पदवी घेतली. कशी? तर पहिल्याच रविवारीं केंद्रावर तिनें चौघीजणी जमविल्या. त्यांत एक अंगणवाडी सेविका, एक दोन मुलांची आई. एकीनें पुस्तकें आणावीं, एकीनें तारखा लक्षांत ठेवाव्या, आणि हिनें सर्वांच्या वतीनें खिडकीवर बोलावें, असा त्यांचा करार. हिशेबशास्त्र अडलें तेव्हां ही थेट एका सनदी लेखापालाच्या कचेरींत जाऊन बसली. ओळख नव्हती, झाली. घरीं बसून शिकणें तिला साधलें, कारण ती घरीं बसणारी नव्हती.

एवढ्यावरून बोलक्यांनीं घरीं शिकावें व अबोलांनीं कॉलेजांत, असा उलटा नियम कोणी करूं नये. एकदां सिद्धांत बांधून आम्हीं हात पोळून घेतले आहेत. बोलकेपणा वा अबोलपणा यांवरच फार भर दिला जातो, अशी आमची तक्रार आहे. कार्ल युंग यांनीं १९२१ सालीं अंतर्मुख व बहिर्मुख हे शब्द रूढ केले, आणि शंभर वर्षांत ते इतके सैल झाले कीं आतां मोबाइलवर दहा प्रश्नांचीं उत्तरें देऊन मुलें आपली जात ठरवून येतात, व "सर, मी अंतर्मुख आहें" असें रक्तगट सांगावा तसें सांगतात. मानसशास्त्रज्ञ स्वतः याहून सावध आहेत. स्वभावाचीं ते पांच मोठीं अंगें मानतात, व बहिर्मुखता हें त्यांतील केवळ एक. आर्थर पोरोपॅट या ऑस्ट्रेलियन संशोधकानें पूर्वींच्या पुष्कळ अभ्यासांची एकत्र छाननी करून २००९ सालीं दाखविलें कीं, परीक्षेंतील यशाशीं बहिर्मुखतेचा संबंध जवळजवळ नाहींच. संबंध आहे तो नेटानें, वेळच्या वेळीं, कोणी न सांगतां काम करण्याच्या गुणाशीं. शाळेंतील गुण जमेस धरल्यानंतर विद्यापीठांतील यशाचा अंदाज करावयास हा गुण बुद्धिमत्तेइतकाच उपयोगी पडतो. हा गुण बोलक्यांत असतो, अबोलांतहि असतो, आणि दोहोंत नसतोहि.

अमेरिकेंत वॉशिंग्टन राज्यांतील सार्वजनिक महाविद्यालयांच्या चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून दी शू व शॅना जॅगर्स या दोघींनीं २०१४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ऑनलाइन अभ्यासक्रमांत सर्वच प्रकारच्या विद्यार्थ्यांची कामगिरी थोडी घसरते, पण वयानें लहान असलेल्यांची, मुलांची, आणि आधींच गुणांत मागें असलेल्यांची अधिक घसरते. प्रौढ विद्यार्थी त्या मानानें सांवरून घेतात, असें त्यांस आढळलें. परदेशची गोष्ट जशीच्या तशी आपल्याकडे लागूं होते असें आम्ही म्हणत नाहीं. तरी जो मुलगा वर्गांत कच्चा राहिला त्यास "निदान घरून तरी पदवी होईल" म्हणून या वाटेस लावणाऱ्या पालकांनीं हें वाचून क्षणभर थांबावें. कच्च्या मुलासाठीं ही वाट सोपी नाहीं; फक्त तिच्यावरचें अपयश कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

वयाचा मुद्दा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. कर्तव्यदक्षता हा गुण माणसांत तारुण्याच्या पहिल्या वर्षांत सामान्यतः वाढत जातो, असें ब्रेंट रॉबर्ट्स व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं ९२ गटांच्या दीर्घकालीन पाहणींवरून दाखविलें आहे. म्हणजे सतराव्या वर्षीं मुलाच्या कपाळीं चिकटविलेली चिठ्ठी पंचविसाव्या वर्षीं खरी राहीलच असें नाहीं. जो अठराव्या वर्षीं घरीं बसून शिकूं शकला नाहीं तोच नोकरी लागल्यावर, संसार सांभाळून, उत्तम रीतीनें शिकूं शकेल. मुक्त विद्यापीठांत तीन वर्षांच्या पदवीस बरीच अधिक मुदत मिळते. इंदिरा गांधी विद्यापीठांत बी. ए. ला सहा वर्षांपर्यंत. नोकरदारास ही मुदत वरदान आहे. आमच्या गिरणीवाल्या मुलास तिनें एवढेंच शिकविलें, कीं आज नाहीं तर पुढच्या जूनमध्यें.

आतां महाविद्यालयांची बाजू घेऊन आम्ही भांडत आहों असें कोणास वाटेल, तर तेंहि खरें नव्हे. हजेरीपटावर पंचाहत्तर टक्के आणि बांकावर पांच मुलें, हा देखावा आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. मुलें नांव एका ठिकाणीं घालतात, सकाळ खासगी शिकवणींत काढतात, आणि कॉलेजांत फक्त स्नेहसंमेलनास उगवतात. अशा ठिकाणीं मुलगा घालून तो माणसांत वाढेल असें मानणें व्यर्थ आहे. म्हणून प्रवेशापूर्वीं एखाद्या साध्या मंगळवारीं दुपारीं जाऊन वर्ग भरतात काय हें पाहून यावें. यास पैसे पडत नाहींत. आणि तरीहि हें करणारे पालक आम्हांस फारसे आढळले नाहींत.

मुलींच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती स्वभावाची नाहीं. २०२० च्या त्या वर्गांतच ती आमच्या लक्षांत आली. भावाचा चौकोन तास संपेपर्यंत टिके. बहिणीचा मध्येंच नाहींसा होई. विचारलें तर, "आईनें भाकऱ्या करायला बोलावलें होतें." घरीं शिकणाऱ्या मुलीची वेळ ही घराच्या मालकीची असते. कॉलेजला जाणाऱ्या मुलीस निदान एस्. टी. चे दोन तास तरी स्वतःचे मिळतात; किती तरी मुलींनीं त्या प्रवासांतच पुस्तकें वाचून काढलीं आहेत. मुलगी शांत आहे, घरांत रमते, म्हणून ती घरूनच शिकेल असें जेव्हां एखादे वडील म्हणतात, तेव्हां तिच्या शांतपणाचा उपयोग कोणास होणार आहे, हें आम्ही आतां उघड विचारतों. कित्येकांस राग येतो. येवो. लग्न झालेल्या, मुलें असलेल्या बाईस मात्र हेंच दूरचें शिक्षण पुष्कळदां एकमेव उघडें दार असतें, हेंहि तितकेंच खरें. तिच्यासाठीं आम्ही स्वतः अर्ज भरून दिले आहेत.

म्हणून यंदांपासून आमच्याकडे येणाऱ्यांस, तुझा स्वभाव कसा, हें आम्ही विचारीतच नाहीं. गेल्या वर्षांत कोणी न सांगतां, तीन महिने सतत, तूं काय केलेंस? शेळ्या राखल्या असतील, तबला शिकला असशील, परसांत भाजी लावली असशील, कांहींहि चालेल. घरांत तुझी बसण्याची जागा कोणती, आणि त्या जागेवरून तुला कोण कोण उठवूं शकतें? अर्ज अडला तर पहिला दूरध्वनि कोणास करशील, त्याचें नांव सांग. या तिसऱ्या प्रश्नाशीं बहुतेक मुलें अडतात. जें अडतें त्यास, परिस्थिति असेल तर, आम्ही कॉलेजांत जा म्हणतों. परिस्थिति नसेल तर तें नांव आधीं शोधून काढतों, मग अर्ज. मधला मार्गहि आतां आहे. वर्गांत बसून पदवी घेतांना कांहीं श्रेयांक 'स्वयम्' वरून मिळवितां येतात, आणि एप्रिल २०२२ पासून एक पदवी वर्गांतून व दुसरी दूरस्थ पद्धतीनें एकाच वेळीं घेण्यासहि आयोगानें मुभा दिली आहे. अबोल पण अभ्यासू मुलास आम्ही हा मार्ग आवर्जून सुचवितों.

गिरणीवरच्या मुलाविषयीं सांगावयाचें राहिलें. त्या दिवशीं दळण घरीं ठेवून आम्ही त्याच्या वडिलांस भेटलों आणि चूक आमची होती हें त्यांस सांगितलें. ते भले गृहस्थ, म्हणाले, "सर, तुम्ही तर त्याच्या भल्याचंच सांगितलं." हें ऐकणें आम्हांस रागावून घेण्यापेक्षां जड गेलें. ऑगस्टमध्यें तालुक्याच्या महाविद्यालयांत त्याचा प्रवेश झाला. कचेरींत आम्ही बरोबर गेलों होतों. खिडकीवर मात्र त्यासच उभें केलें, आणि आम्ही दोन पावलें मागें राहिलों. दिवाळीच्या सुट्टींत तो शाळेंत आला. वर्गांत बोलतोस काय, असें विचारतां मान हलवून नाहीं म्हणाला. परीक्षेचा अर्ज? तो भरला होता. शेवटची तारीख शेजारच्या मुलानें सांगितली, पैसे भरावयाच्या रांगेंत त्यानेंच उभें केलें, आणि दुपारीं डब्यांतली शेंगदाण्याची चटणीहि तोच देतो. त्या मुलाचें नांव काय, म्हणून आम्हीं विचारलें. तें त्यानें अजून विचारलेलें नव्हतें.